‘स्वतः’, ‘इकडून’ आणि ‘टिळक’

रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. तें प्रथमच हातीं घेणारा आजचा तरुण वाचक पहिल्या कांहीं पानांतच एका शब्दापाशीं अडखळतो. लेखिका ज्यांच्याविषयीं लिहिते ते हिंदुस्थानभर गाजलेले न्यायमूर्ति. त्यांचें आडनांव मुखपृष्ठावर तिच्या नांवाला जोडलेलें. परंतु आंत तें नांव ती घेत नाहीं. ती त्यांना ‘स्वतः’ म्हणते. कोणी आलें, कोणी बोललें, कोणास बरें वाटेनासें झालें, म्हणजे कर्त्याच्या जागीं हा एकच शब्द येऊन उभा राहतो. १९३८ सालीं कॅथरीन गेट्स या बाईंनीं या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर केलें, तेव्हां त्यांनीं याच शब्दाला ग्रंथनामाचा मान दिला व पुस्तकाला ‘हिमसेल्फ’ असें नांव ठेविलें. भाषांतरकर्त्रीचें मर्म ओळखण्याचें कसब यावरून दिसून येतें.

हें नांव न घेणें दास्याचें लक्षण होय, असें एक पक्ष म्हणेल; हीच जुन्या गृहिणीची पतिनिष्ठा, असें दुसरा म्हणेल. दोन्ही पक्षांनीं आपआपलें उत्तर पुस्तक उघडण्यापूर्वींच तयार ठेवलेलें असतें, आणि म्हणून दोघांसही पुस्तकांतील बाई दिसत नाहीं. प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाहीं. नऊ-दहा वर्षांच्या मुलीचें लग्न तिच्याहून दुपटी-तिपटीनें मोठ्या पुरुषाशीं लावून दिलें जात असे. तिची संमति कोणी विचारीत नसे. अशा विवाहांतून पुढें जें निपजलें त्यास प्रेम म्हणावयाचें कीं नाहीं? ‘नाहीं’ म्हटलें, तर आमच्या पणज्या-खापरपणज्यांचीं अख्खीं आयुष्यें आम्ही कोरडीं ठरवितों, आणि तसें ठरविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला हें सांगतां येत नाहीं. ‘होय’ म्हटलें, तर त्या घरांतून झालेल्या छळावरही आम्ही तेंच पांघरूण घालतों. इतिहासाच्या अभ्यासकानें अशा वेळीं साक्षी तपासाव्या. सुदैवानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नांदलेल्या कांहीं मराठी बायकांनीं आपल्या हातानें साक्ष लिहून ठेविली आहे. ती थोडी आहे, बहुतेक ब्राह्मण घरांतील आहे, व बहुतेक नांवाजलेल्या पुरुषांच्या बायकांची आहे. ही तिची मर्यादा आधींच सांगून टाकतों.

त्यापूर्वींची साक्ष विपुल आहे, पण ती निराळ्या जातीची आहे. हालाच्या ‘गाथासप्तशती’त प्रेमाविषयीं बोलणारी बहुधा स्त्रीच असते, प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी, सखीला मनांतलें सांगणारी, रुसणारी, फसविणारी. परंतु त्या गाथांच्या कर्त्यांचीं म्हणून जीं नांवें परंपरेनें आलीं आहेत त्यांत पुरुषांचींच संख्या मोठी आहे. पेशवाईच्या उत्तरकाळांतील लावणीचाही प्रकार हाच. राम जोशी, होनाजी, परशराम, प्रभाकर हे सगळे शाहीर पुरुष; त्यांच्या लावणींतली विरहिणी बोलते ती त्यांच्या तोंडून. तिच्या बोलण्याला रंग आहे, ठसका आहे, शृंगाराचें नाना तऱ्हेचें ज्ञान आहे. पण स्त्रीनें आपल्यावर कसें प्रेम करावें असें पुरुषास वाटत होतें, याचाच तो पुरावा. स्त्री काय करीत होती हें त्यावरून ठरविणें म्हणजे फिर्यादीच्या कैफियतीवरून प्रतिवादीचा जबाब लिहून काढणें होय.

खरा बायकांचा असा एकच मोठा सांठा आहे, तो जात्यावरच्या ओव्यांचा. साने गुरुजींनीं ‘स्त्रीजीवन’ या संग्रहांत त्यांतला पुष्कळसा भाग उतरून घेतला. पुढें गी पॉइटव्हँ व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नानें गोळा झालेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. या ओव्या पाहूं जातां एक गोष्ट डोळ्यांत भरते. भाऊ, आई, लेक यांच्यावर बाई मुक्तकंठानें प्रेम करते. नवरा मात्र बहुधा कुंकवाच्या, चुड्याच्या आडोशानें येतो. यावरून तिला नवऱ्याचें प्रेम नव्हतें असें अनुमान कोणी काढील तर तो घाई करील. पहाटेच्या जात्याशीं समोर सासू किंवा जाऊ बसलेली असे. जिच्यादेखत नवऱ्याशीं दिवसा बोलण्याचीही चोरी, तिच्यादेखत त्याच्यावर ओंवी कोणती गाणार? भाऊ हा परका झालेल्या माहेरचा, त्याच्याविषयीं बोलण्यास सासरीं मनाई असली तरी लाज नव्हती. लाज होती ती जवळच्या माणसाची.

हीच लाज भाषेंत उतरली. नवऱ्याचें नांव घेतल्यानें त्याचें आयुष्य कमी होतें, ही समजूत सर्वांस ठाऊक आहेच. पण समजुतीपेक्षां तिनें निर्माण केलेले शब्द अधिक मौजेचे आहेत. ‘इकडून’, ‘तिकडून’, ‘इकडची स्वारी’, ‘तिकडे’: मराठी गृहिणीनें दिशावाचक अव्ययांचीं माणसें करून टाकलीं. आजूबाजूला चार माणसें असतां एका अव्ययानें नेमक्या एकाच माणसाकडे बोट दाखवावें आणि तें कोणास दिसूं नये, हें साधण्यास भाषेवर केवढी हुकमत लागत असेल! हरिभाऊ आपट्यांनीं ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरींत यमूच्या तोंडीं ही भाषा घातली, तेव्हां ती त्यांनीं घराघरांतून ऐकूनच उचलली होती. आणि ज्या समाजानें नांव घेण्याची बंदी केली त्यानेंच उखाण्याची वाटही ठेविली. लग्नांत, मंगळागौरीस, डोहाळजेवणांत बाईला नांव घेण्याचा नुसता परवानाच नव्हे, तर आग्रह; मात्र तें यमकाच्या पदराखालून घ्यावयाचें. एरवीं वर्षभर कोंडून ठेविलेलें नांव चारचौघींत एकदांच उच्चारतांना तिला काय वाटत असेल, याची कल्पना रोज उठून नवऱ्याला नांवानें हांक मारणाऱ्या आजच्या स्त्रीस कदाचित् येणार नाहीं. आमच्या वर्गांतील विद्यार्थिनींस हें सांगितलें म्हणजे त्या हंसतात, आणि मग त्यांतलीच एखादी आपल्या आजीचा उखाणा म्हणून दाखविते.

येथें एक विसंगति सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जी बाई नवऱ्याचें नांव घेऊं शकत नव्हती तिचें स्वतःचें नांवही पुष्कळदां नवऱ्यानेंच दिलेलें असे. कल्याणची यमुना लग्नांत आनंदी जोशी झाली. गोखल्यांची मनकर्णिका लक्ष्मी टिळक झाली. आणि गोदूबाई १८९३ सालीं धोंडो केशव कर्व्यांशीं विवाहबद्ध होतांच तीही आनंदी झाली. तो तिला नवें नांव देतो, ती त्याचें जुनें नांव गिळते. देवघेवीचा हा आरंभ सारखा नव्हता, हें विसरून पुढचा हिशेब मांडतां येणार नाहीं.

आतां रमाबाईंकडे वळूं. त्यांचें लग्न डिसेंबर १८७३ मध्यें झालें. त्यांचें वय अकराच्या आगेंमागें. रानड्यांस बत्तिसावें वर्ष चालूं होतें. पहिली पत्नी सखूबाई त्याच वर्षीं वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकानें आतां एखाद्या विधवेशींच विवाह करावा अशी स्नेह्यांची अपेक्षा; तो तसें करील हीच वडिलांची भीति. वडिलांनीं घाई केली आणि रानडे नमले. तेव्हां या संसाराचा पाया एका थोर पुरुषाच्या माघारींत आहे. अशा माघारीचा राग त्या निरपराध मुलीवर निघणें मनुष्यस्वभावास धरून झालें असतें. रानड्यांनीं काय केलें? त्यांनीं पहिल्याच भेटींत तिला लिहितां-वाचतां येतें काय हें विचारलें, आणि येत नाहीं असें कळतांच शिकवावयास आरंभ केला.

पाटी हें प्रेमाचें साधन होऊं शकतें, ही गोष्ट आमच्या काव्यशास्त्रज्ञांच्या ध्यानांत आली नव्हती. परंतु त्या घराची रचना डोळ्यांपुढें आणावी. घर एकत्र, वडील बायकांचा दरारा मोठा. दिवसा नवराबायकोचें बोलणें नाहीं. रात्रींची वेळ तेवढी दोघांची. त्या वेळेंत बत्तीस वर्षांच्या विद्वानानें अकरा वर्षांच्या, अक्षरशत्रु मुलीशीं बोलावयाचें काय? शिक्षणानें त्यांना एक समाईक विषय दिला. रमाबाई पाठ तयार करूं लागल्या तेव्हां त्या नवऱ्याच्या बोलण्याला उत्तर देऊं लागल्या. घरांतील बायकांस हें बरोबर कळलें, आणि म्हणूनच त्यांना तें खपलें नाहीं. त्यांनीं रमाबाईंस टोमणे मारले, अबोला धरला, शिकणाऱ्या सुनेला घरांत एकटी पाडली. त्या बायका अडाणी होत्या असें म्हणून आम्ही सुटका करून घेतों. आमच्या मतें त्या चांगल्या हुशार होत्या. पुस्तक म्हणजे नवऱ्याच्या मनांत शिरण्याची वाट आहे, आणि ती वाट आपल्यांस कधीं मिळाली नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. त्यांत कित्येक बालविधवा होत्या.

रानड्यांनीं या छळांत उघड हस्तक्षेप केला नाहीं. सोसावें, उलट बोलूं नये, आणि शिकणें सोडूं नये, हा त्यांचा उपदेश. याचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. आम्हांस तें तितकेंसें करवत नाहीं. जो हायकोर्टापर्यंत न्याय देत गेला त्यानें माजघरांतील फिर्याद नोंदवूनच घेतली नाहीं. पण रमाबाईंनीं ही तक्रार कोठेंही केलेली नाहीं, आणि ज्या साक्षीदाराची तक्रार नाहीं त्याच्या वतीनें आम्ही तक्रार उभी करणें कितपत योग्य, हाही प्रश्न आहेच.

त्यांच्या आठवणींत प्रेमाचीं कृत्यें कोणतीं? रात्रीं रानड्यांच्या तळपायांस तूप चोळीत त्या त्यांना वाचून दाखवीत. हें एकच चित्र बारकाईनें पाहावें. पाय चोळणें हें पिढ्यानपिढ्यांचें बायकोचें काम. वाचून दाखविणें हें अगदीं नवें. हात जुन्या जगांत आणि डोळे नव्या जगांत, अशी ती बसलेली आहे, आणि दोन्ही कामें ती एकाच माणसासाठीं करीत आहे. यांतलें पहिलें दास्य व दुसरें प्रेम, किंवा पहिलें प्रेम व दुसरें सुधारणा, अशी वांटणी करूं पाहणाऱ्याच्या हातीं कांहींच लागणार नाहीं. पुढें डेक्कनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याखालील कामासाठीं रानड्यांस पुणें, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांत फिरतीवर जावें लागे. रमाबाई बरोबर असत. या फिरतीच्या हकीकती त्यांनीं विशेष उत्साहानें लिहिल्या आहेत, आणि त्याचें कारण शोधावयास दूर जाणें नको. मुक्कामावर सासरचीं माणसें नव्हतीं. सरकारी नोकरीनें एकत्र कुटुंबाला धक्का दिला असें समाजशास्त्रज्ञ सांगतात. त्या धक्क्यानें कित्येक नवराबायकोंची प्रथमच ओळख झाली, हें तितक्या ठळकपणें कोणी सांगत नाहीं.

आणि ती आंब्याची गोष्ट. ती शाळेच्या पुस्तकांतून सर्वांस माहीत आहे. रमाबाईंनीं उत्तम आंबा चिरून पुढें ठेविला. रानड्यांनीं एकदोन फोडी खाल्ल्या आणि पुरे म्हटलें. आंबा गोड होता म्हणूनच ते थांबले होते. जिभेला ताब्यांत ठेवण्याचा तो अभ्यास. मुलांस ही गोष्ट संयमाचा धडा म्हणून सांगतात. आम्हांस मात्र त्या बशीकडे पाहात बसलेल्या रमाबाई दिसतात. आंबा निवडणें, धुणें, चिरणें, पुढें करणें, इतकी ज्या बाईच्या प्रेमाची भाषा, तिला फोडी परत मिळाल्या आणि वर एक तत्त्व मिळालें. तिनें तें तत्त्व प्रसाद म्हणून घेतलें, कारण त्या घरांत प्रेम मिळावयाचें तें याच रूपानें. रानड्यांची नापसंतीही अशीच. ते रागावून बोलत नसत. बोलणें बंद करीत. मारणाऱ्या नवऱ्यांच्या त्या काळांत हा केवढा मोठा सुसंस्कृतपणा! तरी पण शब्दांवरच ज्या बाईचें सगळें नातें उभारलेलें, तिला अबोल्याइतकी कठोर शिक्षा दुसरी नसेल.

त्यांच्या पुस्तकाच्या नांवांत ‘आमच्या’ हा शब्द आहे. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजीं वारले, आणि तेथेंच आठवणी थांबतात. रमाबाई त्यानंतर १९२४ पर्यंत जगल्या. त्यांनीं पुण्याचें सेवासदन वाढविलें, सभा गाजविल्या, हजारों बायकांस शिक्षणाची व धंद्याची वाट दाखविली. यांतलें जें त्या लिहीत असतांना घडून गेलें होतें, तेंही त्यांनीं पुस्तकांत घेतलें नाहीं. ‘आमच्या’ आयुष्यांत तें बसत नव्हतें.

हीच पाटी दुसऱ्या एका घरांत कशी चालली तें पाहावें. गोपाळराव जोशी हे पोस्टांत नोकरीस होते, बिजवर होते, व आनंदीबाईंहून सुमारें वीस वर्षांनीं मोठे होते. १८७४ सालीं लग्न झालें तेव्हां ती नऊ वर्षांची. गोपाळरावांसही बायको शिकवावयाची होती, रानड्यांपेक्षां कितीतरी अधिक ईर्ष्येनें. चौदाव्या वर्षीं तिला मूल झालें आणि तें दहा दिवसांत गेलें. १८८३ च्या एप्रिलमध्यें ती कलकत्त्याहून एकटी अमेरिकेस निघाली. ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची ती पदवीधर झाली. आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्याच्या आधींच, पुण्यास क्षयानें वारली. हा कालक्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. १९६८ सालीं श्री. ज. जोशी यांची कादंबरी निघाल्यापासून तर आनंदी आणि गोपाळ हीं दोन नांवें एका श्वासांत घेतलीं जातात, आणि गोपाळराव एक विक्षिप्त पण मनाचा मोठा प्रेमी म्हणून आमच्या मनांत बसले आहेत.

परंतु काशीबाई कानिटकरांनीं लिहिलेल्या चरित्रामुळें आनंदीबाईंचीं पत्रें आपल्यापर्यंत आलीं आहेत, आणि त्यांतील एक पत्र कादंबरीपेक्षां अवघड आहे. अमेरिकेंतून नवऱ्यास लिहितांना तिनें लहानपणचा हिशेब एकदां मांडला. अभ्यासासाठीं त्यानें तिला लाकडानें मारलें, खुर्च्या-पुस्तकें फेकलीं, सोडून जाण्याची धमकी दिली. हें सगळें ती वयाच्या क्रमानें, न ओरडतां सांगते. मग ती विचारते कीं, हें वागणें चांगलें म्हणावें कीं वाईट. आणि स्वतःच उत्तर देते कीं, परिणामाकडे पाहिलें तर तें योग्य ठरतें, पण मुलीच्या मनाकडे पाहिलें तर तें चुकीचें होतें. वीस वर्षांच्या आंतबाहेरच्या त्या मुलीनें एवढी निर्णयबुद्धि कोठून आणली हें आम्हांस कळत नाहीं. ती कृतज्ञता नाकारीत नाहीं आणि जखमही झांकीत नाहीं. दोन्ही पारड्यांत दोन्ही ठेवून ती तराजू नवऱ्याच्याच हातीं देते.

यास प्रेम म्हणावें काय? आमच्या मतें हें प्रेमापेक्षां निराळें कांहींतरी आहे, आणि त्यास प्रेमाचें नांव देण्यांत आनंदीबाईंचा अपमान आहे. ती नवऱ्याशीं एकनिष्ठ होती. त्याच्या मतांचा आदर करीत होती. त्याच्यावांचून आपण कोठें पोंचलों नसतों हें तिला ठाऊक होतें. परंतु निर्भयपणानें प्रेम देण्याची आणि घेण्याची जागा तिला मिळाली ती समुद्रापलीकडे, न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंच्या घरीं. त्यांना ती मावशी मानीत असे. तिच्या मृत्यूनंतर गोपाळरावांनीं तिची रक्षा या मावशीकडेच पाठविली, आणि ती अमेरिकेंत पोकीप्सी येथील स्मशानभूमींत पुरली गेली. गोपाळरावांच्या पदरीं एवढें मात्र घातलें पाहिजे: तिचें प्रेम कोठें होतें हें त्यांना शेवटीं तरी कळलें होतें.

याच वर्षांत मुंबईस रखमाबाईंचा खटला चालला होता. अकराव्या वर्षीं झालेलें लग्न, नांदावयास जाण्याचा नकार, १८८४ सालीं नवऱ्याची फिर्याद, १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्ही यांचा तिच्या बाजूचा निकाल, अपिलांत त्याचें फिरणें, आणि १८८७ सालीं नांदावयास जा अथवा सहा महिने तुरुंगांत जा असा हुकूम. तिनें तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. या खटल्यासंबंधीं त्या वेळीं शास्त्रार्थ पुष्कळ झाला. पण ज्या बाईला जबरदस्तीनें घरीं आणावयाचें तिच्याकडून घरीं आल्यावर काय मिळणार होतें, हा साधा प्रश्न फारच थोड्यांस सुचला. दादाजीच्या वकिलांस तो सुचण्याचें कारणही नव्हतें. इंग्रजी कायद्यांत वैवाहिक हक्कांची अंमलबजावणी होती, जिव्हाळ्याची नव्हती.

कर्व्यांच्या घरची गोष्ट या सगळ्यांहून वेगळी, कारण तेथें दोघेंही जाणतीं होतीं. गोदूबाई आठव्या वर्षीं परणली आणि थोड्याच महिन्यांत विधवा झाली. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत ती शिकली, आणि ११ मार्च १८९३ रोजीं विधुर कर्व्यांशीं तिचा पुनर्विवाह झाला. समाजानें त्यांना वाळींत टाकलें. मग कर्व्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला, आणि काय चमत्कार पाहा, त्या आश्रमांत त्यांच्या पुनर्विवाहित बायकोला जागा नव्हती. ती तेथें वावरली तर लोक आपल्या विधवा मुली पाठविणार नाहींत, ही भीति. विम्याची पॉलिसीसुद्धां कर्व्यांनीं आश्रमास देऊन टाकली. १९४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘माझें पुराण’ या आत्मवृत्तांत आनंदीबाईंनीं हें सारें लपविलेलें नाहीं. त्यांची भाषा कोंकणी काटकसरीची आहे. तीत अलंकार नाहीं, विनवणी नाहीं, आणि महर्षींविषयीं आदर असूनही महर्षींची बायको होणें म्हणजे काय याविषयीं कसलाही भ्रम नाहीं. त्यांचें पुस्तक फार वाचलें जात नाहीं. तें वाचलें जावें.

लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ सालापासून भागशः निघूं लागलीं. रमाबाईंच्या आठवणी आणि हीं चित्रें यांत अंतर चोवीस वर्षांचेंच. पण लक्ष्मीबाई आपल्या नवऱ्याला ‘टिळक’ म्हणतात. ‘स्वतः’ पासून ‘टिळक’ हा प्रवास आमच्या मतें मराठी गद्याच्या इतिहासांत नोंदण्यासारखा आहे. आडनांव हें परक्यानें वापरावयाचें. तें वापरतांच लेखिका दोन पावलें मागें सरकते आणि नवऱ्याकडे पाहूं लागते. देव्हाऱ्यांतल्या मूर्तीकडे तिच्या पाठीमागून कोणी पाहात नाहीं. टिळकांकडे मात्र लक्ष्मीबाई चहूंकडून पाहतात. त्यांचा संताप, त्यांचा उधळेपणा, न सांगतां घरांतून निघून जाण्याची खोड, एका क्षणीं जगाला कवटाळणें व दुसऱ्या क्षणीं बायकोवर उखडणें. त्या सगळें सांगतात, आणि सांगतां सांगतां हंसतात. त्यांच्या हंसण्यांत टिळकांची निंदा नाहीं, कारण निम्मी थट्टा त्यांनीं स्वतःवरच खर्चिली आहे.

हा मोकळेपणा कोठून आला? लक्ष्मीबाई १८६८ च्या, टिळक १८६१ चे. अंतर सहा-सात वर्षांचें. रानडे आणि गोपाळराव यांच्या घरांत गुरु-शिष्येचें नातें आधीं आलें आणि नवराबायकोचें मागाहून; टिळकांच्या घरांत दोन पोरें भांडत भांडत मोठीं झालीं. लक्ष्मीबाईंस रीतसर शिक्षण कधीं मिळालें नाहीं, आणि त्या टिळकांच्या शिष्या कधीं झाल्या नाहींत. त्यांना कोणी घडविलें नाहीं, म्हणून घडविणाऱ्याचें ऋणही त्यांच्या लेखणीवर नाहीं. स्त्रीशिक्षणाच्या अभिमान्यांस हें विधान आवडणार नाहीं. आम्ही जन्मभर शिकविण्याचाच धंदा केला, तेव्हां आम्हांसही तें फारसें आवडत नाहीं.

या संसाराची खरी परीक्षा १८९५ सालीं झाली. त्या वर्षाच्या १० फेब्रुवारीस टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. पदरीं लहान दत्तू, डोक्यावर समाजाची अनुकंपा, जी कित्येकदां तिरस्कारापेक्षां जड होते. आणि नवरा जिवंत असून मेल्यासारखा, कारण धर्मानें तो मेलाच होता. त्या वेगळ्या राहिल्या. पंढरपुरास राहिल्या, आप्तांच्या आश्रयानें राहिल्या. टिळकांचीं पत्रें येत. पुढें त्या टिळकांकडे परतल्या त्याही एकदम नव्हेत. प्रथम सोवळेंओंवळें संभाळून, आपली चूल वेगळी मांडून. नवऱ्याच्या जवळ, पण त्याच्या हातचें पाणी नाहीं! स्त्रीच्या प्रेमाचें याहून प्रामाणिक चित्र आम्हीं तरी दुसरें पाहिलेलें नाहीं. ती प्रेमासाठीं धर्म टाकीत नाहीं आणि धर्मासाठीं प्रेम टाकीत नाहीं. दोघांनाही एका अंगणांत बसवून ती वाट पाहते. जातिभेद मनुष्यकृत आहे हें तिचें तिलाच पटलें तेव्हां, १९०० सालीं, तिनें बाप्तिस्मा घेतला. टिळकांनीं घाई केली नाहीं, हा त्या उतावळ्या माणसाच्या आयुष्यांतील सर्वांत मोठा धीर म्हटला पाहिजे.

टिळक १९१९ च्या मे महिन्यांत वारले. ‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें महाकाव्य तेव्हां आरंभींच्या अध्यायांपाशींच थांबलेलें होतें. लक्ष्मीबाई तें पुरें करावयास बसल्या. ग्रंथाचा बहुतेक सगळा भाग त्या म्हातारपणीं ओवीमागून ओवी रचीत गेल्या.